‘माझ्याच्यानं आता सेवा होईना’: पाळकाच्या या जुन्या बिघाडाला कुठून हात घालावा

हा बिघाड मी स्वतःत तीनदा पाहिला. इतर पाळकांत, म्हणजे ख्रिस्ती मंडळी (चर्च) सांभाळणाऱ्यांत, किती वेळा पाहिला, ते मोजणं सोडून दिलंय. जालना, परभणी आणि बीड या तीन जिल्ह्यांत मिळून 31 वर्षं पाळकी सेवा केली, आता निवृत्त आहे. तरी संध्याकाळी सातच्या सुमाराला फोन वाजतो. ‘सलाम साहेब, जेवण झालं का?’ एवढं बोलून समोरचा गप्प होतो. जेवणाची चौकशी करायला कुणी साठ किलोमीटरवरून फोन करत नाही, हे आता मला कळतं. मग मीच विचारतो, ‘काय होऊ लालंय?’

उत्तर जवळपास ठरलेलं असतं. ‘साहेब, मी नापास झालो.’

अशा वेळी मी काय काय तपासायला सांगतो, ते इथं क्रमानं लिहून ठेवतो. आधी फुकटातलं, मग कष्टाचं, आणि शेवटी जिथं आपण हात लावायचाच नाही ते. क्रम मोडू नका. आपण पाळक मंडळी सरळ पाचव्या पायरीवर उडी मारतो, कारण गुडघे टेकून रडणं आपल्याला जमतं आणि रक्त तपासायला जाणं जमत नाही.

लक्षणं

यातली तीन-चार एकदम दिसली तर पुढं वाचा.

- शनिवारी रात्रीचे अकरा वाजलेत, रविवारचा संदेश (प्रवचन) तयार नाही, आणि तुम्ही दहा वर्षांपूर्वीच्या वहीत जुना शोधताय.
- मंडळीतल्या एका ठरावीक माणसाचं नाव आलं की फोन पालथा घालता.
- एक घर टाळायला गाडी पारावरून लांबून वळवता.
- गीत चालू असताना ओठ गातात आणि डोळे माणसं मोजतात.
- दुसऱ्या पाळकाच्या स्टेटसला बाप्तिस्म्याचे फोटो दिसले की पोटात जळतं, आणि त्याच फोटोखाली तुम्ही ‘आमेन’ लिहिता.
- बायबल उघडता ते लोकांना काय सांगायचं तेवढं शोधायला. शेवटचं स्वतःसाठी कधी उघडलं, ते आठवत नाही.
- बाहेर साखर, घरात मिरची. तुमच्या गाडीचा आवाज आला की लेकरं टीव्ही बारीक करतात.

यानंतर येतं ते वाक्य: ‘माझं पाचारणच नव्हतं,’ म्हणजे देवानं मला या सेवेला बोलावलंच नव्हतं. हे मी लक्षणांतच धरतो. निदान म्हणून धरू नका.

आवाज एक, बिघाड तीन

माझे वडील मोटर रिवायंडिंग करायचे. बोअरची मोटर नुसती घूं घूं करते, पाणी फेकत नाही, आणि शेतकरी धावत येतो, ‘मोटर जळाली!’ वडील मोटर वर काढूच देत नसत. मोटर काढायची म्हणजे दोनशे-तीनशे फूट पाइप उपसायचा, माणसं लावायची, दिवस घालवायचा. ते म्हणायचे, आधी स्टार्टरपाशी जा, तिन्ही फेज येतात का बघ. एक फेज गेली तरी हाच आवाज येतो. पण उरलेल्या दोन फेजवर बटण दाबत बसलास, तर मग मात्र वाइंडिंग खरंच जळेल.

पाळकाचं तसंच आहे. अंग थकलेलं असलं, पाप घडलेलं असलं किंवा नुसती हार झालेली असली, म्हणजे मनापासून केलेलं काम फसलं असलं, तरी आतून आवाज एकच येतो: मी नापास. थकव्याचा पश्चात्ताप करत बसलेले पाळक मी पाहिलेत. महिनोन्‌महिने करतात आणि आणखी थकतात. उलट पाप करून ‘जरा ब्रेक हवाय’ म्हणत महाबळेश्वरला जाऊन आलेलेही पाहिलेत. हार झालेल्याला तर दोन्हीची गरज नसते. त्याला रडायला जागा हवी असते, आणि पाळकाच्या घरी बैठकीच्या खोलीत कायम कुणीतरी बसलेलं असतं.

म्हणून आधी फेज बघू.

1. भाकरी, झोप, रक्त

खर्च: जवळपास शून्य. बायबलातल्या ‘पहिले राजे’ या पुस्तकाच्या 19व्या अध्यायातला एलीया संदेष्टा आठवा. कर्मेल डोंगरावर एवढा विजय झाल्यावर ईजबेल राणीची एक धमकी आली, आणि हा गडी रानात पळाला. एका झुडपाखाली बसून म्हणाला, ‘पुरे झालं, परमेश्वरा, माझा जीव घे.’ देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. ‘तुझा विश्वास कुठं गेला?’ असं विचारलं नाही. अंगाला हात लावला आणि म्हणाला, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. तो खाऊन परत झोपला. दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला घातलं. होरेब डोंगर, देवाची मंद वाणी, नवी कामगिरी हे सगळं त्यानंतर आलं.

मी पंचवीस वर्षं या अध्यायावर बोलत होतो, आणि माझी शुगर तपासायला मला बायकोनं हाताला धरून नेलं.

तेव्हा सात दिवस असं करा. रात्री दहाला फोन दुसऱ्या खोलीत. दुपारचं जेवण वेळेवर, मंडळीतल्या तीन घरी चहा-बिस्किटावर भागवायचं नाही. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन बीपी, शुगर, हिमोग्लोबिन आणि डॉक्टर म्हणाले तर थायरॉइड आणि बी-12. अंगात रक्त कमी असलं किंवा थायरॉइड मंदावलं, तर माणूस उदास, सुस्त, विसरभोळा होतो. त्याला ‘आत्मिक कोरडेपणा’ असं नाव देऊन चाळीस दिवसांचा उपास धरलात, तर त्यातून फक्त चक्कर येईल.

हो, उपास. या टप्प्यावर उपास धरू नका. शुगरच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला विचारल्याशिवाय कधीच नको.

2. पंचांग बघा

एक तरुण पाळक, बीड जिल्ह्यातला, डिसेंबरात फोनवर रडला. जूनमध्ये मंडळीत साठ माणसं होती, आता अठरा. ‘माझ्या संदेशात दम नाही साहेब, लोक तुटू लालेत.’

मी विचारलं, ‘लोक गेलेत कुठं?’

‘कारखान्याला.’

शिरूर कासार, पाटोदा, वडवणी या पट्ट्यात दिवाळीच्या आगंमागं गावं रिकामी होतात, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि ट्रॅक्टर पश्चिम महाराष्ट्राकडं नाहीतर कर्नाटकाकडं निघतात ते थेट मार्च-एप्रिलात परततात. गावात राहतात म्हातारी माणसं आणि शाळेसाठी ठेवलेली लेकरं. म्हणजे बाकीची बेचाळीस माणसं त्याला सोडून गेलेली नव्हती, ती उसाच्या फडात खोपटात होती. पण तो परगावचा, पहिलीच नेमणूक, आणि आकडा खाली आला की आपला विश्वासच खाली आला असं समजायची आपल्याला सवय.

त्यानं पुढच्या वर्षी हिवाळ्यात दोन वेळा कारखान्यावर जाऊन फडातच प्रार्थना घेतली. रात्री नऊला, कारण त्याआधी माणसं मोकळी होत नाहीत. आकडा हजेरीपटावर चढला नाही.

दुष्काळाची सालं अशीच वेगळी धरा. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या दिवसांत बुधवारच्या प्रार्थनासभेला बाया का येत नाहीत, हे टँकरच्या रांगेत उभं राहिलं की कळायचं. नाताळ आटोपल्यावरचा जानेवारीही मोजू नका. महिनाभर गीतं, नाटकं, घरोघर फिरणं झाल्यावर पाळक रिकामा वाटणारच. तेवढ्यावरून राजीनामा लिहिलेले दोन कागद मी स्वतः फाडलेत. त्यातला एक माझा.

3. फूटपट्टी कुणाची?

हे थोडक्यात. जालन्याजवळ नारायण शेषाद्री या मिशनरींनी 19व्या शतकात बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं. त्या भागात नेमलेल्या पाळकाच्या मानेवर हे नाव बसलेलं असतं: त्यांनी गाव उभं केलं, तुला कंपाउंडची भिंत बांधता येईना. पण तुलना करायचीच तर पूर्ण करा. कवी नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ सुरू केला, आणि 1919 मध्ये ते वारले. दोन वर्षं. वार्षिक अहवालाच्या तक्त्यात बसवलं तर तो उपक्रम तुमच्या-माझ्यासारखाच अर्धवट दिसेल. त्यांची पदं मात्र आजही आपल्या मंडळ्यांत पेटी-तबल्यावर दर रविवारी गायली जातात, आणि ज्यांना ती पाठ आहेत त्यांतल्या अर्ध्यांना ती कुणाची ते माहीत नसतं.

पौलानं करिंथकरांना लिहिलं की मी लावलं, अपुल्लोसानं पाणी घातलं, वाढवलं देवानं. आपण कोरडवाहू भागातली माणसं, आपल्याला हे वेगळं समजावून सांगायची गरज पडू नये. पेरणी आपल्या हातात, मृगाचा पाऊस नाही. तरी मंडळीचं पीक बुडालं की आपण बियाण्याला नाही, पावसाला नाही, स्वतःलाच दोष देतो. कधी बियाणंही खराब असतं, हे खरं. त्यासाठी पाचवी पायरी आहे.

4. तुम्हाला शेवटचं प्रभुभोजन कुणी दिलं?

हा प्रश्न मी सगळ्यांना विचारतो, आणि यावर सगळ्यांत जास्त वेळ शांतता पसरते.

आपल्याकडं एका पाळकाच्या गळ्यात पाच-सहा गावं. महिन्याचा पहिला रविवार म्हणजे सकाळी एका गावी, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी तिसऱ्या. तिन्ही ठिकाणी येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर मोडायची, वाटायची, आणि आपला तुकडा आपणच उचलायचा. दिवसात तीनदा ‘तुमच्यासाठी’ म्हणायचं. ‘तुझ्यासाठी’ असं आपल्याला कुणी म्हटलेलं नसतं, कधीकधी सात-आठ वर्षं. जिच्या घरी रोज शंभर माणसांचा स्वयंपाक होतो ती बाई रात्री खरवड खाऊन झोपते, तसा हा प्रकार.

माझ्या दुसऱ्या बिघाडाच्या वेळी एका मित्रानं मला अंबड तालुक्यातल्या त्याच्या मंडळीत बोलावलं, आणि अट घातली: पुढं यायचं नाही, दोन शब्द बोलायचे नाहीत, मागं सतरंजीवर बसायचं. बसलो. ताट फिरवणारे मंडळीचे वडील, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारे ज्येष्ठ, जवळजवळ ऐंशीचे होते, नजर अधू. त्यांनी मला ओळखलंच नाही. ताट पुढं करून म्हणाले, ‘घे लेकरा.’ मी तेव्हा 49 वर्षांचा, डोक्यावर केस नाहीत. पुढचा अर्धा तास मी बूट शोधण्याच्या निमित्तानं बाहेर उभा होतो.

कृपेवर मी तोवर निदान दोनशे संदेश दिले असतील. पौलाच्या शरीरातला काटा, तो काढ म्हणून तीनदा केलेली विनवणी, ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ हे उत्तर, सगळं मुद्देसूद. पण वाढप्या पंगतीत बसत नाही, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आता माझं सांगणं असं: दोन महिन्यांतून एकदा, आपल्या मंडळीतून रजा काढून, दुसऱ्या पाळकाच्या हातून घ्या. शेजारच्या पाळकाशी अदलाबदल करा, तोही उपाशी असेल. एसटीच्या तिकिटाएवढा खर्च.

इथपर्यंतच्या चार गोष्टींनी बऱ्याच जणांची मोटर चालू होते. नाही झाली, तर खाली उतरावं लागेल.

5. एका ओळीत लिहा: काय झालं?

कोरा कागद घ्या आणि जे टोचतंय ते एका वाक्यात लिहा. अट एकच: वाक्याचा कर्ता ‘मी’ पाहिजे.

ही अट का, ते माझ्याच गोष्टीवरून सांगतो. एका गावात मंडळीतली एक म्हातारी होती, सगळे तिला मावशी म्हणायचे. आजारी पडली. नातवाच्या हाती तिनं तीनदा निरोप पाठवला, ‘पाळकसाहेबांना येऊन जायला सांग.’ त्या दिवसांत प्रार्थनामंदिराच्या पत्र्यांचं काम चालू होतं, ठेकेदाराशी वाद, कमिटीच्या मीटिंगा. उद्या जाऊ, परवा जाऊ. गुरुवारी ती गेली. अंत्यविधीला मी बोललो आणि फार सुंदर बोललो. लोक रडले. कुणीतरी मोबाइलवर घेतलं, ते आठवडाभर फिरत होतं. आणि मला झोप येईना.

तीन महिन्यांनी त्या अंबडच्या मित्रानं कागद पुढं केला. मी लिहिलं: ‘कामाच्या गडबडीत मावशींची भेट राहून गेली.’

त्यानं वाचलं आणि म्हणाला, ‘यात तू कुठायस?’

खरंच नव्हतो. आपली मराठी फार दयाळू भाषा आहे. भेट ‘राहून जाते’, शब्द ‘तोंडातून निघून जातो’, पैसे ‘खर्च होऊन जातात’, चूक ‘घडते’. माणूस कुठंच नसतो, सगळं आपोआप होतं. वर पाळकाचं खास वाक्य: ‘प्रभूच्या कामात व्यग्र होतो.’ मी चार वेळा खोडलं. पाचव्यांदा लिहिलं, ‘तिनं तीनदा बोलावलं आणि मी गेलो नाही.’ एवढ्या लहान वाक्याला पाऊण तास लागला.

लिहून झाल्यावर तीन प्रश्न विचारा. हे मी जाणूनबुजून केलं का? यात कुणाचं नुकसान झालं? जे झालं ते बदलायला माझ्या हातात काही होतं का? तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर ती हार आहे. तिच्यासाठी क्षमा मागत फिरू नका, देवापाशी आणि माणसापाशी मोकळं रडून घ्या. ‘हो’ असेल, तर ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडं जावं लागेल. आधी दाविद राजाला त्याचं पाप तोंडावर सांगणारा नाथान संदेष्टा भेटला, पश्चात्तापाचं 51वं स्तोत्र नंतर. आपल्याकडं नाथानाची गाठ टाळून स्तोत्र म्हणायची घाई असते.

जाताना: एकटे जा, फळं-बिळं नेऊ नका, दोन वाक्यांत बोला, कारण सांगू नका. ‘पण’ हा शब्द आला की गाडी परत गडबडीपाशी जाते. आणि माफीची पावती मागू नका.

मी मावशींच्या मुलाकडं गेलो. ओट्यावर उभ्या उभ्याच सांगितलं. तो म्हणाला, ‘आता सांगून काय उपेग?’ आणि आत गेला. मंडळीत येणं त्यानं सोडलं नाही, पण वर्षभर माझ्याशी बोलला नाही. मी संदेश देत असताना तो खिडकीबाहेर बघायचा. त्या वर्षात मी जे शिकलो ते बायबल कॉलेजात शिकवत नाहीत: देवानं क्षमा केली तरी समोरच्याचा घसा लगेच मोकळा होत नाही, आणि तो व्हावा म्हणून आपण घाई करायची नसते.

पुढच्या जानेवारीत त्याचा फोन आला. ‘साहेब, हुरडा पडलाय. या.’

शेतात आगटी पेटवलेली होती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात गुळभेंडीची कणसं. त्यानं एक कणीस काढलं, हातावर चोळलं, फुंकर घातली, आणि गरम दाण्यांची पहिली मूठ माझ्या हातावर ठेवली. लसणाची चटणी पुढं सरकवली. मावशींचा विषय निघाला नाही. तेव्हा नाही, नंतरही नाही.

घरी येऊन मी योहानाचा 21वा अध्याय काढला. येशूचा शिष्य पेत्र यानं येशूबद्दल ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हटलं ते मुख्य याजकाच्या अंगणात, कोळशाच्या विस्तवाशी शेकताना. आणि पुनरुत्थित प्रभू काठावर त्याची वाट बघतो, तेही कोळशाचा विस्तव पेटवून. मूळ ग्रीकमध्ये कोळशाच्या विस्तवाला वापरलेला तो शब्द सबंध नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो. आधी न्याहारी, मग तीनदा तोच प्रश्न, ‘माझ्यावर प्रीती करतोस काय?’ तीनदा नाकारलं, तीनदा विचारलं. आणि प्रत्येक उत्तराला काम दिलं: माझी मेंढरं पाळ. पेत्र तिसऱ्या वेळी दुःखी झाला, असंही योहान लिहितो. कृपा टोचली नाही असं नाही.

6. एक माणूस

लिहिलेलं वाक्य एका माणसाला वाचून दाखवा. याकोबाच्या पत्रात एकमेकांजवळ पापं कबूल करायला सांगितलंय. सगळ्यांजवळ सांगितलेलं नाही.

व्यासपीठावरून रडून सांगू नका. मंडळीला ते ओझं पेलत नाही; अर्धे लोक कळवळतात, अर्धे कमिटीत वापरतात. मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर मुळीच नाही. बायकोपासून लपवू नका, पण तिलाच डॉक्टर करू नका. तिनं तुमच्यासोबत हाच बिघाड सोसलाय आणि तिला तर बोलायला पाळकही नाही. तिचा पाळक तुम्हीच!

मग कोण? मिशन कंपाउंडात सकाळी शिंकलं तर दुपारी सगळ्यांना सर्दी ठाऊक असते, म्हणून तालुक्याबाहेरचा बघा. तुमच्या बदलीशी, पगाराशी, बढतीशी ज्याचा संबंध नाही असा. दुसऱ्या पंथाचा चालेल. माझ्या तिसऱ्या बिघाडात मला एका कॅथलिक फादरांनी ऐकलं. आमच्या शिकवणुकीत शंभर फरक, पण ऐकून घेण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. होरेबावर एलीया म्हणाला, मी एकटाच उरलोय. देवानं त्याला दोन गोष्टी दिल्या: बाल या दैवतापुढं गुडघे न टेकलेल्या सात हजारांचा हिशेब, आणि सोबतीला अलीशा. मला वाटतं, हिशेबापेक्षा अलीशाचाच जास्त उपयोग झाला असेल.

7. पैशाचा गुंता

शेवटी ठेवलंय, कारण यावर बोलायला सगळ्यात जास्त जड जातं. पगार दोन-तीन महिने थकतो, लेकराची फी असते, पेटीतलं दान घरात असतं. ‘पुढच्या आठवड्यात टाकतो’ म्हणून पहिला हजार घेतला जातो. बघा, मीही ‘घेतला जातो’ लिहिलं.

तसं झालं असेल तर आजच आकडा लिहा, आणि खजिनदार व आणखी एका वडिलांना एकत्र बोलावून सांगा. परतफेडीचे हप्ते लेखी ठरवा. आजपासून पेटी पाळकाच्या घरी ठेवायची नाही, मोजणी दोघांनी करायची. मंडळी सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर 1950 च्या राज्य कायद्यानुसार हिशेब दरवर्षी तपासून घ्यावे लागतात. गुपचूप भरून टाकलं तरी वहीत ते दिसतं, म्हणून लेखापरीक्षकालाही खरं सांगा.

इथं थांबा. हे आपल्या हातातलं नाही

वडील स्टार्टर उघडायचे, फ्यूज बदलायचे, पण डीपीला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीला, हात लावत नसत. वायरमनला बोलवायचे. खालच्या गोष्टी डीपी समजा.

मरणाचे विचार येत असतील, ‘मी नसतो तर बरं’ असं वाटत असेल, तर प्रार्थनासाखळीची वाट बघू नका. 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. त्याच वेळी घरातल्या एका माणसाला सांगा आणि रात्री एकटे राहू नका. जीव धोक्यात वाटला तर 112 हा आपत्कालीन क्रमांक लावा. दोन आठवडे झाले तरी उदासी उतरत नाही, झोप लागत नाही किंवा सरत नाही, कशातच रस वाटत नाही, तर मानसोपचारतज्ज्ञाकडं जा. जिल्हा रुग्णालयात हा विभाग असतो, आणि गोळी घेणं हे अविश्वासाचं लक्षण नाही. शुगरची गोळी आपण साक्ष देत गिळतो, मग हिनंच काय पाप केलं? अशा माणसावर हात ठेवून मोठमोठ्यानं भुतं काढणाऱ्यांना घरात घेऊ नका. एका तरुण पाळकाचे यात पाच महिने वाया गेलेले मी बघितलेत.

दारू रोज लागत असेल तर ती एका रात्रीत शपथ घेऊन तोडू नका. फार पिणाऱ्यानं एकदम सोडली तर झटके येऊ शकतात. डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडा.

आणि तुमच्या हातून कुणा बाईला, लेकराला इजा झाली असेल, घरात मारहाण असेल, तर हा लेख तुमच्यासाठी नाही. सेवेतून आजच बाजूला व्हा. वरिष्ठांना कळवा. लेकरावर लैंगिक अत्याचाराचा प्रश्न असेल तर त्याविरुद्धच्या 2012 च्या पोक्सो कायद्यानं, ज्याला ज्याला माहिती आहे त्याच्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. यात मंडळीचे वडीलही आले. 1098 या चाइल्ड हेल्पलाइनवरही कळवता येतं. ‘मंडळीची बदनामी होईल, आपसात क्षमा करून मिटवू’ हे वाक्य मी दोन वेळा मीटिंगमध्ये ऐकलंय. पहिल्या वेळी मी गप्प बसलो. ते माझ्या कागदावरचं आणखी एक वाक्य आहे, कर्ता मी.

पुन्हा सुरू करताना

योहान मार्क पौलाच्या पहिल्या सेवाफेरीत पंफुलिया प्रांतात अर्ध्यावरून सोडून गेला. पुढच्या फेरीला त्याला न्यायचं की नाही, यावरून पौल आणि बर्णबा यांचं एवढं बिनसलं की दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. बर्णबानं त्याला सोबत घेतलं. आणि म्हातारपणी तुरुंगातून तोच पौल तीमथ्याला लिहितो, मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. मधे बरीच वर्षं गेली. त्या वर्षांबद्दल फारसं कुणी बोलत नाही, आणि परतायची घाई असलेले पाळक तर मुळीच नाही.

तेव्हा पहिल्याच रविवारी तीन गावं करू नका. महिनाभर संदेश दुसऱ्याला देऊ द्या, तुम्ही शास्त्रवाचन करा. संडे स्कूलच्या लेकरांत बसा. आजारी माणसांच्या भेटी घ्या, बोलायला नाही, बसायला. आठवड्याचा एक दिवस कुणाचाही फोन घ्यायचा नाही, मयत सोडून. पहिल्यांदा जीभ अडखळेल, अडखळू द्या.

बिघाड पुन्हा येईल. आला की पहिल्या पायरीपासून सुरू करा, मागच्या वेळी सातवीवर सापडला होता म्हणून थेट तिकडं जाऊ नका. यंदा फेब्रुवारीत मला परत तो आवाज यायला लागला. पहाटे चारला जाग, छातीवर दगड, आयुष्य वाया गेल्यासारखं. मी दिवा लावून कागद घेतला आणि कर्ता ‘मी’ ठेवून जुनी पापं उकरायला बसलो. दुसऱ्या पानावर होतो तेव्हा बायको उठून आली, कागदाकडं बघितलं आणि कपाटातून शुगरचं मशीन आणलं.

312.